एक खुर्ची, एकच तिकीट: क्लाउडवर भरवशाचं ॲप्लिकेशन कसं उभारायचं

मराठी नाटकांची तिकिटं विकणारं ॲप उभारायचंय असं धरू. रविवारी दुपारी चारचा प्रयोग, दादरचं शिवाजी मंदिर किंवा पार्ल्याचं दीनानाथ. गाजलेल्या नाटकाचं बुकिंग उघडलं की पहिल्या काही मिनिटांतच पुढच्या रांगा संपतात. एरवी आठवडाभर ॲपवर तुरळक वर्दळ असते आणि सगळी परीक्षा त्या मिनिटांत होते. हे उदाहरण मुद्दाम घेतलंय. यात अचानक येणारी गर्दी आहे, लोकांचे पैसे आहेत आणि एक खुर्ची दोघांना देता येत नाही. दवाखान्याची अपॉइंटमेंट असो की शाळेची फी, प्रश्न थोड्याफार फरकाने हेच राहतात.

क्लाउड कंपनी तुम्हाला बिघडलेलं मशीन बदलून देते, डिस्कच्या प्रती ठेवते, दुसऱ्या इमारतीत सर्व्हर देते. प्रेक्षकाचे पैसे कापले गेले आणि तिकीट यायच्या आत सर्व्हर पडला, तर पुढे काय करायचं, हे मात्र ती ठरवू शकत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि बिघाड व्हायच्या आधी ठरवावं लागतं. बऱ्याच टीम सगळी ताकद मशीनवर लावतात आणि अर्धवट राहिलेल्या व्यवहाराकडे शेवटी वळतात. माझ्या मते जास्त मेहनत तिथेच लागते, म्हणून या लेखातही जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी आकडे ठरवा

‘साइट कधीच बंद पडायला नको’ ही मागणी सगळेच करतात, पण तिच्यावरून काहीच बांधता येत नाही. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे साधारण ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. ९९.९९ टक्के म्हटलं की ती ४ मिनिटं १९ सेकंदांवर येते. चार मिनिटांत माणूस उठून लॅपटॉपही उघडू शकत नाही. त्यामुळे दुसरा आकडा हवा असेल तर सगळी दुरुस्ती आपोआप झाली पाहिजे, आणि त्याचा खर्चही तसाच येतो.

हा आकडा पूर्ण ॲपसाठी एकच ठेवू नका. प्रयोगांचं वेळापत्रक दिसणं, खुर्ची निवडणं, पैसे भरणं, एसएमएस जाणं, दारावर तिकीट तपासणं ही वेगवेगळी कामं आहेत. एसएमएस दहा मिनिटं उशिरा गेला तर चालेल. दारावरची तपासणी चार वाजायला दहा मिनिटं असताना बंद पडली तर चालणार नाही.

प्रत्येक कामासाठी आणखी दोन प्रश्न निर्मात्यासमोर बसून विचारा. बंद पडलं तर किती वेळात परत सुरू व्हायला हवं? आणि डेटा मागे गेलाच, तर किती मिनिटांचा गेलेला चालेल? पहिल्या उत्तराला आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह) म्हणतात, दुसऱ्याला आरपीओ (रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह). विकलेल्या तिकिटांसाठी दुसरं उत्तर ‘शून्य’ येईल, कोणी कोणती जाहिरात पाहिली याच्या नोंदींसाठी ‘एक दिवस’ही चालेल. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन उत्तरांवरून निघतो.

आता अवलंबून असलेल्या सेवांची यादी करा: डेटाबेस, कॅशे (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारा झटपट साठा), पेमेंट गेटवे (प्रेक्षकाकडून पैसे घेऊन देणारी बाहेरची सेवा), एसएमएस देणारी कंपनी, लॉगिन. एका विनंतीला अशा चार सेवा एकामागून एक लागत असतील आणि प्रत्येक ९९.९ टक्के वेळ चालू असेल, तर साखळीची उपलब्धता ९९.६ टक्क्यांवर येते. म्हणजे महिन्याला जवळपास तीन तास बंद. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहा: ‘ही सेवा नसेल तर ॲप काय करेल?’ कॅशे नसेल तर थेट डेटाबेसमधून, पण मर्यादित विनंत्या. एसएमएस नसेल तर तिकीट ॲपमध्ये दाखवा, संदेश रांगेत ठेवा. जिथे वाक्य सुचत नाही, तिथे तुमचं डिझाइन अजून अपुरं आहे.

झोन आणि शिल्लक क्षमता

क्लाउड कंपनीच्या एका भागातल्या डेटा सेंटरच्या समूहाला रीजन म्हणतात, आणि त्यातल्या एकमेकांपासून स्वतंत्र गटांना अव्हेलेबिलिटी झोन. ॲमेझॉनच्या क्लाउडचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं, मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झालं आणि आज त्यात तीन अव्हेलेबिलिटी झोन आहेत. गुगल क्लाउडचं मुंबई रीजन २०१७ पासून आहे, तेही तीन झोनचं. मायक्रोसॉफ्टच्या अझूरचं मुंबईतही रीजन आहे, पण झोनची सोय त्यांच्या पुण्याच्या, म्हणजे ‘सेंट्रल इंडिया’ रीजनमध्ये मिळते. अझूर घेताना हा फरक नीट पाहून घ्या.

सर्व्हर तीन झोनमध्ये वाटले म्हणजे काम संपलं, असं समजू नका. गर्दीच्या वेळी तुम्हाला सहा सर्व्हर लागत असतील तर तीन झोनमध्ये प्रत्येकी तीन, असे नऊ चालू हवेत. एक झोन गेला तरी सहा उरतात. दोनच झोन वापरले तर प्रत्येकी सहा, म्हणजे बारा लागतील. एकूण सहाच ठेवून ‘झोन गेला तर ऑटोस्केलिंग, म्हणजे गर्दीप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवणारी सोय, नवीन सर्व्हर आणेल’ यावर विसंबू नका. एक झोन पडतो तेव्हा त्यातले सगळेच ग्राहक एकाच वेळी उरलेल्या झोनमध्ये मशीन मागायला धावतात.

अजून एक नेहमी सुटणारी गोष्ट. सर्व्हर तिन्ही झोनमध्ये, पण बाहेर जाणारी वाहतूक एकाच झोनमधल्या नॅट गेटवेतून, म्हणजे इंटरनेटकडे नेणाऱ्या फाटकातून. तो झोन गेला की उरलेले दोन्ही झोन धडधाकट असूनही पेमेंट गेटवेपर्यंत पोचू शकत नाहीत. प्रत्येक झोनचा बाहेर जायचा रस्ता स्वतंत्र ठेवा.

मंद झालेली सेवा बंद सेवेपेक्षा वाईट

बंद पडलेली सेवा लगेच नकार देते. मंद झालेली सेवा तुम्हाला धरून ठेवते. हिशेबच करून बघा. तुमच्या सर्व्हरवर मिळून २०० वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणारे कामगार) आहेत, सेकंदाला ५० जण पैसे भरायला येतात आणि पेमेंट गेटवे ऑर्डर तयार करायला ०.३ सेकंद घेतो. एका वेळी अडकलेले वर्कर: ५० गुणिले ०.३, म्हणजे १५. निवांत. आता गेटवे मंदावला आणि उत्तराला ३० सेकंद लागू लागली. तेवढ्याच गर्दीला १५०० वर्कर लागतील. तुमच्याकडचे २०० चार सेकंदांत संपतात आणि त्यानंतर नुसतं वेळापत्रक बघायला आलेल्या माणसालाही पान दिसत नाही. दोष गेटवेचा, पण बंद पडलं ते तुमचं ॲप.

त्याच कॉलला दोन सेकंदांचा टाइमआउट, म्हणजे वाट पाहायची कमाल मुदत, लावला असता तर १०० वर्कर अडकले असते आणि बाकीचे १०० इतरांना सेवा देत राहिले असते. बऱ्याच लायब्ररींमध्ये मुळात टाइमआउट अनंत असतो किंवा फार मोठा असतो. कोडमधला प्रत्येक बाहेरचा कॉल शोधा आणि त्याला स्पष्ट आकडा द्या. तो अंदाजाने टाकू नका. नेहमीच्या दिवशी शंभरातल्या नव्व्याण्णव विनंत्या किती वेळात पूर्ण होतात ते मोजा आणि त्याच्या थोडा वर ठेवा. शिवाय पेमेंटसाठी वर्करची मर्यादा वेगळी बांधा, म्हणजे पेमेंट अडकलं तरी ते वेळापत्रकाच्या वाट्याचे वर्कर खाणार नाही.

रिट्राय, म्हणजे फसलेली विनंती पुन्हा पाठवणं, जपून वापरा. मोबाइल ॲप तीनदा प्रयत्न करतं, तुमचा सर्व्हर तीनदा, आतली लायब्ररी तीनदा. एका बोटाच्या टचमधून गेटवेवर २७ विनंत्या जातात, आणि त्याही तो आधीच दमलेला असताना. रिट्राय एकाच थरात ठेवा. दोन प्रयत्नांमधलं अंतर दुप्पट करत न्या, १०० मिलिसेकंद, २००, ४००, आणि त्यात यादृच्छिक वेळ मिसळा, नाहीतर सगळे फोन एकाच ठोक्याला परत धडकतात. एकूण विनंत्यांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रिट्राय होऊ लागले तर ते थांबवायचे, अशी मर्यादाही हवी. सतत अपयश येत असेल तर सर्किट ब्रेकर उघडा: काही सेकंद गेटवेला कॉलच करायचा नाही, प्रेक्षकाला लगेच सांगायचं की ‘पेमेंट सध्या होत नाहीये, तुमची खुर्ची अजून राखून ठेवलेली आहे’.

ड रांगेतली बारा नंबरची खुर्ची

प्रेक्षक ड-१२ निवडतो. पहिला नियम: खुर्ची कोणाची आहे याचं खरं उत्तर एकाच ठिकाणी असेल, मुख्य डेटाबेसमध्ये. तिथे प्रयोग आणि खुर्ची या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट लावा. दोन विनंत्या एकाच मिलिसेकंदाला आल्या तरी एकीची नोंद होईल, दुसरीला डेटाबेसच नाकारेल. हे लॉक, म्हणजे खुर्ची अडवल्याची खूण, नुसतं रेडिसमध्ये (मेमरीत चालणाऱ्या डेटा साठ्यात) ठेवायचा मोह होतो, कारण ते वेगवान आहे. पण रेडिसची दुसरी प्रत मागाहून भरली जाते. मुख्य नोड पडून दुसरा पुढे आला तर शेवटच्या क्षणीची लॉक हरवू शकतात, आणि मग शिवाजी मंदिरात एकाच खुर्चीपुढे दोन माणसं उभी राहतात. कॅशेचा उपयोग नकाशा रंगवायला करा, निकाल डेटाबेसचा.

खुर्ची आठ मिनिटं राखीव ठेवायची असं ठरवलंत. ही मुदत डेटाबेसच्या घड्याळाने मोजा. सर्व्हरची घड्याळं एकमेकांपासून थोडी सरकलेली असू शकतात.

आता पैसे. प्रेक्षकाने ‘भरा’ दाबलं, यूपीआयचा पिन टाकला आणि त्याच वेळी त्याची लोकल नेटवर्क नसलेल्या पट्ट्यातून गेली. फोनला उत्तर मिळालं नाही. तो पुन्हा ‘भरा’ दाबणार, कोणीही दाबेल. म्हणून ‘भरा’चं पान उघडतानाच फोनने एक वेगळा ओळख क्रमांक तयार करावा आणि त्या खरेदीच्या प्रत्येक प्रयत्नासोबत तोच पाठवावा. सर्व्हर तो क्रमांक डेटाबेसमध्ये युनिक म्हणून नोंदवतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवीन व्यवहार सुरू न करता आधीच्याच व्यवहाराची स्थिती परत देतो. याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. गेटवेलाही तोच क्रमांक पुढे द्या.

पेमेंटला ‘झालं’ आणि ‘फसलं’ याखेरीज तिसरी स्थिती असते: ‘माहीत नाही’. यूपीआयमध्ये व्यवहार काही काळ पेंडिंग राहू शकतो. टाइमआउट झाला म्हणून त्याला ‘फसलं’ म्हणणं ही या सगळ्यातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ‘माहीत नाही’ ही स्थिती टेबलमध्ये स्वतंत्र ठेवा आणि ठरावीक अंतराने गेटवेला विचारणारं एक काम मागे चालू ठेवा. गेटवे स्वतःहून वेबहुक, म्हणजे व्यवहाराचा निकाल सांगणारा निरोप, पाठवतो, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. तो उशिरा येतो, दोनदा येतो, कधी येतच नाही. त्याची सही तपासा आणि दुसऱ्यांदा आलेला वेबहुक काहीही न बदलता स्वीकारा.

आठ मिनिटं उलटल्यावर ‘पैसे मिळाले’ असा निरोप आला तर? हे घडणारच, म्हणून नियम आधी लिहून ठेवा. ड-१२ अजून रिकामी असेल तर देऊन टाका. ती दुसऱ्याला गेली असेल तर रिफंड आपोआप सुरू करा आणि प्रेक्षकाला त्याच क्षणी कळवा. दोन्ही वाटा कोडमध्ये हव्यात. सपोर्टच्या माणसाने एक्सेल शीट बघून ठरवायची ही गोष्ट नाही.

तिकीट पक्कं झालं की एसएमएस, ईमेल, निर्मात्याचा हिशेब अशी कामं सुरू होतात. ‘तिकीट पक्कं’ ही नोंद आणि ‘हे निरोप पाठवायचे आहेत’ ही नोंद एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही अशा बेताने, लिहा. वेगळं काम ती दुसरी नोंद वाचून रांगेत टाकेल. असं केलं नाही तर दोन पायऱ्यांच्या मधे सर्व्हर पडतो आणि तिकीट विकलं गेलंय पण कोणालाच कळलेलं नाही, अशी अवस्था होते. एडब्ल्यूएसच्या एसक्यूएस या निरोप-रांगेच्या सेवेतल्या साध्या रांगेसारख्या बहुतेक रांगा निरोप किमान एकदा देतात, म्हणजे कधीकधी दोनदाही देतात. घेणाऱ्याने ते पचवलं पाहिजे. पुन्हा पुन्हा फसणारे निरोप बाजूच्या डेड लेटर रांगेत जाऊ द्या, आणि तिथे एक जरी निरोप आला तरी अलर्ट वाजू द्या.

उरला दरवाजा. नाट्यगृहात गर्दीच्या वेळी नेटवर्क दगा देतं, म्हणून तपासणी ऑफलाइन चालली पाहिजे. क्यूआर कोडमध्ये प्रयोग, खुर्ची आणि तुमच्या सर्व्हरची डिजिटल सही ठेवा. दरवाजावरच्या फोनमध्ये सही पडताळणारी सार्वजनिक किल्ली आणि रद्द तिकिटांची यादी आधीच उतरवून घ्या. दोन दारं असतील तर रांगा वाटून द्या, म्हणजे एकच तिकीट दोन्ही दारांवर चालणार नाही. एवढं केलंत तर प्रयोगाच्या वेळी सगळा क्लाउड बंद असला तरी तिसरी घंटा वेळेवर होते.

डेटाबेस आणि बॅकअप

एडब्ल्यूएसच्या आरडीएस या तयार डेटाबेस सेवेत मल्टी-एझेड, म्हणजे अनेक झोनची सोय, घेतली की दुसऱ्या झोनमध्ये प्रत्येक नोंदीची सिंक्रोनस (त्याच वेळी लिहिली जाणारी) प्रत राहते. मुख्य पडला तर दुसरा साधारण एक ते दोन मिनिटांत जागा घेतो. पण पत्ता डीएनएसमधून, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून, बदलतो. तुमच्या ॲपने जुना पत्ता धरून ठेवला असेल किंवा कनेक्शन पूल (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) मेलेली कनेक्शन सोडत नसेल, तर डेटाबेस उभा राहूनही ॲप झोपलेलंच राहतं. फेलओव्हर, म्हणजे मुख्याची जागा दुसऱ्याने घेणं, मुद्दाम करून हे तपासता येतं. रीबूट करताना तसा पर्याय असतो.

वाचायच्या प्रती, म्हणजे रीड रेप्लिका, थोड्या मागे असतात. ‘माझी तिकिटं’ हे पान तिथून वाचलं तर नुकतंच काढलेलं तिकीट दिसत नाही आणि माणूस दुसरं काढतो. आपलंच लिहिलेलं आपल्याला दिसायचं असेल तिथे मुख्य डेटाबेसमधूनच वाचा.

प्रत म्हणजे बॅकअप नाही. कोणी चुकून टेबल रिकामं केलं तर ते सगळ्या प्रतींमध्ये तत्परतेने रिकामं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेत मुख्य डेटाबेसचं डेटा फोल्डर चुकून पुसलं गेलं आणि तेव्हा लक्षात आलं की बॅकअपच्या बऱ्याच पद्धती नीट चालतच नव्हत्या. साधारण सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी ते सगळं उघडपणे लिहिलं म्हणून आज आपल्याला शिकता येतं. पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी, म्हणजे डेटा मागच्या हव्या त्या क्षणाला नेता येण्याची सोय, चालू ठेवा, आरडीएसमध्ये ती ३५ दिवसांपर्यंत ठेवता येते. एक प्रत वेगळ्या खात्यात ठेवा, जिथे रोजच्या कामाच्या किल्लीने काहीही पुसता येत नाही. आणि रिस्टोर करून बघा. नवीन इन्स्टन्स उभा राहायला, ॲप त्याला जोडायला आणि शेवटच्या तासाची तिकिटं गेटवेच्या नोंदींशी ताडून पाहायला किती वेळ लागला, ते लिहून ठेवा. तो तुमचा खरा आरटीओ.

बुकिंग उघडतं ती मिनिटं

बुकिंगची वेळ आधीच माहीत असते, तर मशीनही आधीच वाढवा, वेळापत्रक लावून. ऑटोस्केलिंग गर्दी मोजून, नवीन मशीन सुरू करून, ॲप चढवेपर्यंत गाजलेल्या नाटकाच्या पुढच्या रांगा गेलेल्या असतात.

तरीही झेपणार नाहीत इतके लोक आले तर प्रतीक्षा कक्षात घ्या आणि ठरावीक वेगाने आत सोडा. सगळ्यांना आत घेऊन सगळ्यांचंच पान अडकवण्यापेक्षा काहींना ‘थांबा’ म्हणणं प्रामाणिक आहे. आत आलेल्याला मात्र पैसे भरेपर्यंत पूर्ण वाट मोकळी द्या. नाकारायचंच असेल तर दारातच नाकारा. खुर्ची निवडून, पिन टाकून झाल्यावर नव्हे.

हेल्थ चेक आणि डिप्लॉय

लोड बॅलन्सर (सर्व्हरमध्ये विनंत्या वाटणारी यंत्रणा) सर्व्हर ठीक आहे का हे तपासत राहतो, तो हेल्थ चेक. त्यात डेटाबेसची तपासणी घालू नका. डेटाबेस दोन मिनिटं गेला तर सगळे सर्व्हर एकदम ‘आजारी’ ठरतात, ऑटोस्केलिंग त्यांना मारून नवीन उभे करू लागतं, आणि दोन मिनिटांचा बिघाड अर्ध्या तासाचा होतो. त्या चेकने फक्त एवढंच विचारावं: ‘ही प्रोसेस जिवंत आहे का?’

डिप्लॉय, म्हणजे नवीन कोड चढवणं, एका सर्व्हरवर आधी, मग एका झोनमध्ये, मग सगळीकडे. टेबल बदलताना आधी नवीन कॉलम वाढवा, जुना आणि नवीन कोड दोन्ही चालतील असं ठेवा, जुना कॉलम नंतरच्या आठवड्यात काढा. नाहीतर रोलबॅकची, म्हणजे जुन्या कोडवर परतण्याची, वाट बंद होते. बुकिंग उघडायच्या आदल्या दिवशी डिप्लॉय नको.

दुसरं रीजन हवं का?

एडब्ल्यूएसमध्ये एका रीजनचे झोन एकमेकांपासून १०० किलोमीटरच्या आत असतात. इमारतीची आग, वीज, पाणी यांपासून तीन झोन वाचवतात. पूर्ण मुंबई रीजनच्याच सेवेत बिघाड झाला तर वाचवत नाहीत. एडब्ल्यूएसचं हैदराबाद रीजन २०२२ पासून आहे, गुगलचं दिल्ली २०२१ पासून. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे, त्यामुळे सिंगापूरचा विचार करण्याआधी हे पर्याय पाहा.

छोट्या टीमने दोन्ही रीजन एकाच वेळी चालवायच्या भानगडीत पडू नये. त्यातला डेटाचा गुंता एकट्या रीजनच्या बिघाडापेक्षा जास्त त्रास देतो. आधी बॅकअपची प्रत हैदराबादला जाऊ द्या. पुढच्या टप्प्यात तिथे डेटाबेसची रेप्लिका चालू ठेवा आणि बाकी सगळं कोडमधून तासाभरात उभं राहील असं करा. ही रेप्लिका असिंक्रोनस असते, म्हणजे मुंबई अचानक गेली तर शेवटच्या काही सेकंदांची तिकिटं तिथे नसतील. ती गेटवेच्या नोंदींवरून जुळवायची, आणि त्यासाठीचा कोड आधीच तयार हवा. प्रमाणपत्रं, पासवर्ड, कंटेनर इमेज आणि मशीनची कोटा मर्यादा (एका वेळी किती मशीन घेता येतात) हैदराबादला आहेत का, तेही तपासा. कोटा हमखास विसरला जातो.

मुंबईकडून हैदराबादकडे वाट बदलणं डीएनएस हेल्थ चेकवर आधीच बांधून ठेवा. राउट ५३ या एडब्ल्यूएसच्या डीएनएस सेवेतल्या नोंदी बदलायची यंत्रणा अमेरिकेत, व्हर्जिनियात आहे. नोंदी वाचून उत्तर देणारी यंत्रणा जगभर पसरलेली आहे. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन नरक चतुर्दशीच्या दुपारी, व्हर्जिनियात डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदीत गडबड झाली आणि जगभरच्या सेवा अडखळल्या. अशा वेळी कन्सोल उघडून नोंद बदलू, ही योजना टिकत नाही.

माणसं आणि सराव

अलर्ट प्रेक्षकाला काय भोगावं लागतंय त्यावर लावा: दर मिनिटाला किती तिकिटं पक्की होतात, ‘माहीत नाही’ स्थितीतली पेमेंट किती, सर्वांत मंद एक टक्का विनंत्यांना किती वेळ लागतो. सीपीयू ८० टक्के झाला म्हणून रात्री तीनला कोणाला उठवू नका. शिवाय बाहेरच्या नेटवर्कवरून दर मिनिटाला एक खोटी खरेदी चाचणीच्या प्रयोगावर करत राहा.

मुंबईत ऑन-कॉलची, म्हणजे बिघाडाला कधीही धावून जायला तयार असलेल्या माणसांची, यादी करताना शहराचा विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास शहराची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा दिवशी डेटा सेंटर जनरेटरवर चालू राहील, पण तुमच्या घरचं वायफाय नाही. एकाच वेळी ऑन-कॉल असलेले दोघं एकाच उपनगरातले नकोत; एक डोंबिवलीचा असेल तर दुसरी बोरिवलीची. दोघांकडे वेगळ्या कंपन्यांची सिम कार्डं, चार्ज केलेली पॉवर बँक, आणि प्रॉडक्शनपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेल्या सिस्टिमपर्यंत, पोचायची परवानगी. ती ऑफिसच्या व्हीपीएनवरच अवलंबून असेल तर ऑफिसची वीज गेल्यावर दोघंही बाहेर राहतात.

सराव कामाच्या दिवशी सकाळी करा, बुकिंग नसलेल्या आठवड्यात, सगळे जागे असताना. पहिल्यांदा एक सर्व्हर बंद करा. पुढच्या वेळी डेटाबेसचा फेलओव्हर. मग पेमेंट गेटवेचं उत्तर मुद्दाम ३० सेकंद लांबवा आणि वेळापत्रकाचं पान उघडतं का ते बघा. एका झोनची वाहतूक तोडून बघा. एडब्ल्यूएसच्या फॉल्ट इंजेक्शन सर्व्हिसमध्ये तशी सोय आहे. प्रत्येक वेळी आधी लिहून काढा की काय होईल असं वाटतंय, आणि सूत्रं टीममधल्या सर्वांत नव्या माणसाच्या हातात द्या, समोर फक्त रनबुक (बिघाडात काय करायचं याची पायऱ्यांची यादी) ठेवून. तो जिथे अडून विचारेल, ती ओळ रनबुकमध्ये त्याच दिवशी घाला आणि पुढच्या सरावाला तीच पायरी दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.